लाकडी मुखवट्याचं टेक्स्चर आणि वार्पिंग: कामाच्या नोंदी

फोटोंवरून स्कॅन केलेला एक लाकडी मुखवटा, म्हणजे संगणकातलं त्याचं त्रिमितीय मॉडेल. टेक्स्चर म्हणजे त्याच्या पृष्ठभागावर चढवलेलं रंगाचं चित्र, वार्पिंग म्हणजे त्याचा आकार वाकवणं. त्याला तीन हावभाव द्यायचे आहेत: फुगवलेले गाल, खाली ओढलेला जबडा आणि वर चढलेल्या भुवया. तिन्हींमध्ये लाकडाचा रंग, रेषा आणि भेगा शाबूत दिसल्या पाहिजेत. शेवटी ब्राउझरमध्ये चालेल अशी एकच जीएलटीएफ (वेबवर त्रिमितीय मॉडेल दाखवण्याचा प्रकार) फाइल काढायची.

साधनं: फोटोंवरून मॉडेल बनवायला मेशरूम, ते साफ करायला मेशलॅब, बाकी त्रिमितीय कामाला ब्लेंडर आणि चित्राच्या डागडुजीसाठी क्रिता. चारही फुकट आहेत. त्यामुळे या नोंदींत खर्च म्हणजे गेलेला वेळ आणि ग्राफिक्स कार्डची मेमरी.

४ जून – स्कॅन

मेशरूममधून ओबीजे (मॉडेलची फाइल) निघाली, तिच्यातली मेश, म्हणजे पृष्ठभागाची जाळी, साधारण ९ लाख त्रिकोणांची. टेक्स्चरिंग नोडमध्ये (टेक्स्चर बसवण्याच्या टप्प्यात) अनरॅपच्या, म्हणजे पृष्ठभाग सपाट उलगडण्याच्या, तीन पद्धती मिळतात: बेसिक ६ लाखांच्या वरच्या मेशसाठी, एलएससीएम ६ लाखांपर्यंत, एबीएफ ३ लाखांपर्यंत. म्हणजे आपल्या वाट्याला बेसिक. मॉडेलवर रंग चोख बसलेला दिसतो, पण यूव्ही, म्हणजे उलगडलेल्या तुकड्यांच्या चित्रावरच्या जागा, दाखवणारा एडिटर उघडला की नुसता चुरा. गालाचा एक तुकडा डावीकडे वर, त्याला लागून असलेला दुसरा उजवीकडे खाली, मधे नाकपुडीचा कपचा. वस्तू नुसती फिरवून दाखवायची असेल तर इथेच थांबायला काही हरकत नाही. आपल्याला रंगावर हात फिरवायचा आहे आणि आकारही वाकवायचा आहे, म्हणून हे चालणार नाही.

दुसरी अडचण वजनाची. जीएलटीएफमध्ये प्रत्येक हावभाव हा मॉर्फ टार्गेट (बदललेल्या आकाराची नोंद) म्हणून जातो आणि त्यात दर व्हर्टेक्समागे (जाळीच्या बिंदूमागे) जागा आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) मिळून २४ बाइट लागतात. ९ लाख त्रिकोण म्हणजे अंदाजे साडेचार लाख व्हर्टेक्स. तीन हावभावांचे ३ कोटी बाइट तिथेच गेले, मूळ मेश आणि टेक्स्चर वेगळंच. १२ हजार व्हर्टेक्सवर हेच काम ९ लाख बाइटांच्या आत होतं. तेव्हा ठरलं: नवीन हलकी मेश, तिच्यावर नवीन यूव्ही आणि जुन्या स्कॅनवरून रंग बेक करून, म्हणजे नव्या टेक्स्चरवर उतरवून, घ्यायचा.

७ जून – साफसफाई आणि क्वाड

आधी माप. फोटोग्रामेट्रीतून (फोटोंवरून आकार काढण्यातून) आलेल्या मॉडेलला खऱ्या जगातलं माप नसतं, आकडे मनाचे असतात. हे सोडून पुढे गेलं की पहिला फटका मर्ज बाय डिस्टन्समध्ये (जवळचे व्हर्टेक्स एक करणाऱ्या आज्ञेत) बसतो. त्याची मूळ मर्यादा ०.०००१ मीटर आहे. मॉडेल फारच लहान आलेलं असेल तर दुहेरी व्हर्टेक्सबरोबर खरे व्हर्टेक्सही एकमेकांत जिरतात. माझ्याकडे पापणीची धार अशीच सपाट झाली होती. मुखवट्याची उंची मोजून मॉडेल त्या मापाला आणलं, स्केल अप्लाय केलं (बदललेलं माप मेशमध्ये कायम केलं) आणि मग साफसफाई केली.

मेशलॅबमध्ये सुटे तुकडे काढले आणि नॉन-मॅनिफोल्ड (सलग पृष्ठभाग न बनवणाऱ्या) कडा दुरुस्त केल्या. मग ब्लेंडरमध्ये क्वाड्रिफ्लो, जे मेश नव्याने क्वाडची, म्हणजे चौकोनांची, करतं. मेश मॅनिफोल्ड नसेल किंवा नॉर्मल एका दिशेला नसतील तर ते काम सुरूच करत नाही, सरळ नकार देतं. डिलीट लूज (सुटे भाग काढणं) आणि रिकॅल्क्युलेट आउटसाइड (नॉर्मल बाहेर वळवणं) केल्यावर चाललं. सिमेट्री बंद ठेवली, कारण हाताने कोरलेल्या मुखवट्याचा एक गाल दुसऱ्यासारखा कधीच नसतो आणि सिमेट्रीने नेमकं तेच पुसलं जातं.

चौकोन सुबक आले, पण त्यांच्या रांगा डोळ्यांभोवती आणि तोंडाभोवती वळसा घेत नव्हत्या. जबडा खाली ओढायचा तर ओठांभोवती पूर्ण वळसे हवेतच, नाहीतर ओठाची कड करवतीसारखी दातेरी दिसते. तेवढा भाग हाताने नव्याने बांधला. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो वाचवायचा मार्ग मला सापडलेला नाही. नवीन मेश स्कॅनला चिकटवायला श्रिंकरॅप वापरला. निअरेस्ट सरफेस पॉइंटवर ठेवला तर डोळ्यांच्या भोकांच्या कडा आत दुमडतात, म्हणून तिथले व्हर्टेक्स वेगळ्या ग्रुपमध्ये घालून वगळले.

८ जून – फसलेला शॉर्टकट

नवीन यूव्ही पाडण्याऐवजी डेटा ट्रान्सफर मॉडिफायरने (मॉडिफायर म्हणजे मेशवर आपोआप चालणारा, हवा तेव्हा काढता येणारा बदल) जुन्याच यूव्ही नवीन मेशवर आणता येतील का, हे पाहिलं. आणता येतात, पण उपयोग शून्य. जुन्या यूव्हीचे तुकडे इतके बारीक की नव्या मेशचा एकेक चौकोन दोन-तीन तुकड्यांवर पडतो. त्याचा एक कोपरा टेक्स्चरच्या या टोकाला, दुसरा त्या टोकाला. मधल्या जागेत अख्ख्या टेक्स्चरचा पट्टा आवळून बसतो आणि चेहऱ्यावर रंगीत ओरखडे उठतात. जुन्या यूव्ही मोठ्या तुकड्यांच्या असतील तर हा मार्ग धरता येईल. स्कॅनच्या यूव्हींसाठी नाही.

११ जून – सीम

शिंपी जसा जोड काखेत नेतो तसे सीम (उलगडताना मेश जिथे कापायची त्या रेषा) सावलीत न्यायचे. मुखवट्याची बाहेरची कड, हनुवटीखालून, कानामागून, डोळ्यांच्या भोकांच्या आतल्या भिंतीवर. समोरचा चेहरा एका सलग तुकड्यात ठेवला. त्याने नाकाच्या शेंड्यावर ताण आला, म्हणून नाकपुडीच्या खालच्या खोबणीत एक छोटा सीम द्यावा लागला. तो समोरून दिसत नाही.

अनरॅपच्या पद्धतींत अँगल बेस्ड आणि कन्फॉर्मल दोन्ही घेऊन पाहिल्या. नाक-डोळ्यांसारख्या खोलगट आकारात अँगल बेस्ड बरी बसली. ब्लेंडर ४.३ पासून मिनिमम स्ट्रेच नावाची तिसरी पद्धत आली आहे. ती क्षेत्रफळाकडेही लक्ष देते आणि या चेहऱ्यावर तिचाच निकाल सगळ्यांत सरस होता. स्मार्ट यूव्ही प्रोजेक्टच्या वाटेला गेलो नाही. त्याची मूळ कोनमर्यादा ६६ अंश आहे आणि कोरीव चेहऱ्यावर तेवढ्यात तुकडे तुकडे होतात. पेटी, भिंत, यंत्राचा भाग असेल तर तेच वापरावं.

१२ जून

चेकर (ताण तपासायचं चौकटींचं) टेक्स्चर लावलं तर सगळे चौकोन उभट. सीमची गडबड असेल म्हणून बराच वेळ तिकडेच खपलो. कारण वेगळंच निघालं. श्रिंकरॅपच्या आधी नवीन मेश ऑब्जेक्ट मोडमध्ये उभी ताणली गेली होती आणि ते स्केल अप्लाय झालेलं नव्हतं. अनरॅप हे स्केल न धरता, मूळ मेशवर चालतो. अनरॅप करताना स्क्रीनच्या तळाला तशी सूचनाही येते, पण ती काही क्षणांत निघून जाते. कंट्रोल-ए, स्केल, पुन्हा अनरॅप. मिनिटभराचं काम.

१४ जून – लॅटिस

आकार वाकवायला लॅटिस घेतलं. वस्तूभोवती बिंदूंचा पिंजरा उभा करायचा आणि पिंजरा ओढला की आतली वस्तू वाकते. सेडरबर्ग आणि पॅरी यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही युक्ती अजूनही सगळ्या पॅकेजांत आहे, आणि का आहे ते वापरताना कळतं. मेश कितीही दाट असो, हातात मोजकेच बिंदू राहतात.

गालांसाठी पूर्ण चेहऱ्याभोवती पिंजरा लावला तर गाल फुगताना नाकही रुंदावतं. बिंदू वाढवले तर नाक वाचतं, पण गाल एकसंध फुगत नाही, त्याला टेंगळं येतात. शेवटी पिंजरा फक्त गालांभोवती ठेवला आणि मॉडिफायरला व्हर्टेक्स ग्रुप दिला, वजन नाकाकडे हळूहळू शून्यावर उतरणारं. जबड्यालाही तसंच. भुवयांना लॅटिसची गरजच पडली नाही, प्रपोर्शनल एडिटिंगवर (एक बिंदू ओढला की आसपासचेही कमी-अधिक सरकतात) भागलं.

प्रत्येक लॅटिस नंतर ॲप्लाय ॲज शेप की केलं, म्हणजे वाकलेला आकार शेप की (मूळ आकारासोबत साठवलेला बदल) म्हणून ठेवला. हे करावंच लागतं, कारण जीएलटीएफला लॅटिस कळत नाही.

१५ जून – ताण कुठून येतो

हे ज्यांना जमवायचं आहे त्यांनी निदान ही नोंद वाचावी.

अनरॅप उत्तम, चेकर एकसारखा, स्ट्रेचचा ओव्हरले सगळीकडे निळा, म्हणजे ताण फारसा नाही. गाल फुगवला आणि गालावरचे चौकोन फुगले. सगळ्यात उंच भागावर चौकोनाची बाजू जवळजवळ दीडपट. लाकडाच्या बारीक रेषा तिथे जाड आणि पुसट होतात, आणि नजर नेमकी गालावरच असते. जबड्याच्या खाली चौकोनांचे उभे आयत झाले.

यात अनरॅपचा दोष काही नाही. यूव्ही मूळ आकारावर ठरतात आणि नंतर आकार कितीही वाकवला तरी त्या जागच्या हलत नाहीत. पृष्ठभाग ताणला की चित्रही ताणलं जाणार. टेक्स्चर ४०९६ वरून ८१९२ वर नेलं तर पुसटपणा कमी होईल, पण रेषांची जाडी तशीच राहील आणि मेमरी चौपट लागेल.

लाकूड प्रोसिजरल (चित्राऐवजी सूत्रातून बनणारं) करून पाहिलं. ऑब्जेक्ट कोऑर्डिनेटवर (बिंदूच्या वस्तूतल्या आत्ताच्या जागेवर) ठेवलं तर गाल फुगताना रेषा कातडीवरून सरकतात, जणू चेहरा एका गढूळ प्रकाशातून पुढे येतोय. जनरेटेड कोऑर्डिनेट न वाकवलेल्या आकाराला बांधलेले असतात, म्हणून रेषा जागेवर राहतात, पण मग त्याही ताणल्या जातात. म्हणजे फिरून तिथेच. शिवाय स्कॅनमधल्या खऱ्या भेगा प्रोसिजरलमध्ये येणार नाहीत ते वेगळंच.

उपाय सापडला तो ब्लेंडरच्या एका वागणुकीत. एडिट मोडमध्ये जो शेप की निवडलेला असतो त्याच्या आकारावर अनरॅप चालतो. बेसिसवरच (मूळ शांत आकारावरच) चाललं पाहिजे असं बंधन नाही. म्हणून तिन्ही कीजच्या किमती ०.५ केल्या, न्यू शेप फ्रॉम मिक्सने एक चौथी की बनवली, तिला 'मधला' नाव दिलं, ती निवडून एडिट मोडमध्ये गेलो आणि अनरॅप केला. हा आकार कधीच कुणाला दिसणार नाही, तो फक्त यूव्ही पाडायला आहे.

हिशोब असा. गालावर लांबी १ ची १.५ होते. बेसिसवर अनरॅप केला तर शांत चेहऱ्यावर चित्र बरोबर आणि फुगल्यावर दीडपट. मधल्या आकारावर तीच लांबी १.२५ असते. त्यावर अनरॅप केला तर शांत चेहऱ्यावर चित्र ०.८ पट, फुगलेल्यावर १.२ पट. चूक नाहीशी होत नाही, दोन्हीकडे वाटली जाते, आणि २० टक्के लाकडाच्या रेषांत डोळ्यांना जाणवत नाही. चेकरवर जाणवतात. विटांची भिंत किंवा छापील अक्षरं असलेलं टेक्स्चर असतं तर हे चाललं नसतं.

फायदा आणखी एक: गालाला टेक्स्चरमध्ये जागाही जास्त मिळाली, म्हणजे फुगल्यावर लागणारे पिक्सेल आधीच राखून ठेवले गेले. पॅक आयलंड्स (तुकडे चित्रात बसवणं) करताना मात्र त्याच्या आधी ॲव्हरेज आयलंड स्केल (तुकड्यांची मापं एकमेकांच्या प्रमाणात आणणं) चालवायचं तेही 'मधला' निवडलेला असतानाच.

हावभाव ठरायच्या आधी अनरॅप करून ठेवला होता, तो सगळा वाया गेला. सीम तेवढे उपयोगी पडले.

१८ जून – बेक

यूव्ही मधल्या आकारावर पाडल्या तरी बेक बेसिसवरच करायचा. स्कॅन हा शांत चेहऱ्याचा आहे, तो फक्त बेसिसशी जुळतो. सगळ्या कीज शून्यावर आहेत ना, ते आधी पाहून घ्यायचं.

क्रम: आधी स्कॅन निवडायचा, मग शिफ्ट धरून नवीन मेश. सायकल्स (ब्लेंडरचं रेंडर इंजिन), सिलेक्टेड टू ॲक्टिव्ह (स्कॅनवरून नव्या मेशवर उतरवणं) चालू. डिफ्यूजमध्ये डायरेक्ट आणि इनडायरेक्ट काढून फक्त कलर, नाहीतर खोलीतला उजेड-अंधार कायमचा छापला जातो. नवीन मेशच्या मटेरियलमध्ये इमेज टेक्स्चर नोड जोडलेला नसला तरी चालतो, पण तो निवडलेला असावा लागतो, कारण बेक त्याच्यातच उतरतो.

पहिल्या बेकमध्ये नाकाच्या बाजूला काळे डाग आले. एक्स्ट्रूजन (रंग शोधणारे किरण पृष्ठभागाच्या किती बाहेरून सोडायचे ते अंतर) कमी पडलं होतं, किरण स्कॅनपर्यंत पोचतच नव्हते. वाढवलं तर डाग गेले आणि वरच्या ओठावर नाकपुडीचा रंग उमटला, कारण आता किरण लांबून निघून आधी नाकाला धडकत होते. एकाच आकड्यात दोन्ही जागा सुटत नाहीत. नवीन मेशची प्रत काढली, ती स्कॅन झाकेल एवढी बाहेर फुगवली, ओठ आणि नाकामधल्या घळीत हाताने आत दाबली आणि केज ऑब्जेक्ट (किरण जिथून निघतात तो आकार) म्हणून दिली. केजच्या फेसची (मेशच्या चौकोनांची) संख्या आणि क्रम मूळ मेशसारखाच हवा, म्हणून तिच्यात फक्त व्हर्टेक्स हलवायचे, नवी कड घालायची नाही.

मार्जिन (तुकड्यांच्या कडेबाहेर पसरवलेला रंग) मूळचं १६ पिक्सेल ठेवलं. चौथ्या मिपमॅपला (लांबून पाहताना वापरायच्या, दर पायरीला निम्म्या होणाऱ्या प्रतीला) त्यातला जेमतेम एक पिक्सेल उरतो, म्हणजे फार लांबून पाहिलं तर सीमवर पार्श्वभूमीचा रंग डोकावणार. आपला मुखवटा इतका लांब जाणार नाही. व्हिडिओ गेमसाठी करणाऱ्यांनी ३२ ठेवावं.

२२ जून – नॉर्मल मॅप

कोरीव खुणा आणि बारीक चरे नॉर्मल मॅपमध्ये (पृष्ठभागाच्या दिशा साठवणाऱ्या चित्रात) घ्यायचे होते. ऑब्जेक्ट स्पेसमध्ये बेक केला, शांत चेहऱ्यावर सुंदर. भुवया वर चढवल्या तर प्रकाश जुन्याच कपाळावर पडल्यासारखा. ऑब्जेक्ट स्पेसमध्ये दिशा वस्तूच्या अक्षांना बांधलेल्या असतात, पृष्ठभाग वळला तरी त्या वळत नाहीत. वाकणाऱ्या वस्तूला टँजंट स्पेसच (दिशा पृष्ठभागाला बांधणारी) लागते. पुन्हा बेक.

दोन गोष्टी तपासायच्या. मॅपची कलर स्पेस नॉन-कलर (आकडे जसेच्या तसे वाचणारी) हवी, एसआरजीबीवर (रंगांसाठीच्या पद्धतीवर) राहिली तर सगळ्या पृष्ठभागाला तिरपी झाक येते. आणि हिरवा चॅनल: ब्लेंडर आणि जीएलटीएफ दोघंही वाय प्लस (हिरवा म्हणजे वरची दिशा) धरतात, अनरियल (गेम इंजिन) वाय मायनस. चुकला तर चरे उंचवट्यासारखे दिसतात आणि प्रकाश फिरवून पाहिल्याशिवाय ते लक्षात येत नाही.

मेमरीचा हिशोब इथे केला. ४०९६ चं आरजीबीए टेक्स्चर कार्डवर ६४ एमबी, मिपमॅप धरून ८५ च्या आसपास. डिस्कवर जेपेग २ एमबीची असली तरी कार्डवर ती पूर्ण उलगडूनच बसते. रंग ४०९६ ठेवला, नॉर्मल मॅप २०४८ वर आणला. दोन्ही मिळून १०७ एमबी. नॉर्मल मॅपमधला फरक शोधूनही सापडला नाही.

२४ जून – गालाखालची भेग

डाव्या गालापासून जबड्याकडे उतरणारी एक भेग आहे, मुखवट्याची ओळखच ती. कानामागून हनुवटीखाली येणारा सीम तिला हनुवटीपाशी कापतो. शांत चेहऱ्यावर काही कळत नाही, पण जबडा ओढला की भेगेची वरची बाजू आणि खालची बाजू एकमेकींपासून केसभर सरकलेली दिसते. सीमच्या दोन्ही बाजूंना पिक्सेलची घनता वेगळी होती, म्हणून रेषेची जाडी जुळत नव्हती.

क्रितामध्ये सपाट चित्रावर दुरुस्त करायला घेतलं, पण दोन तुकडे चित्राच्या दोन टोकांना असताना रेषा जुळवणं अंदाजपंचे होतं. ब्लेंडरच्या टेक्स्चर पेंटमध्ये थेट मॉडेलवर क्लोन ब्रशने (एका जागचा रंग उचलून दुसरीकडे उमटवणाऱ्या) केलं, जबड्याची की पूर्ण ओढून ठेवून. सीमचा प्रश्न तिथे उरत नाही, ब्रश दोन्ही बाजूंना एकदम उमटतो.

रंगवलेली इमेज ब्लेंडर फाइल सेव्ह केल्याने सेव्ह होत नाही. इमेज एडिटरमध्ये इमेज या मेनूपुढे चांदणी (*) दिसत असेल तर ती अजून फक्त मेमरीत आहे. वेगळी सेव्ह करायची किंवा फाइलमध्ये पॅक करायची.

२७ जून – एक्स्पोर्ट

एक्स्पोर्टरमध्ये अप्लाय मॉडिफायर्स चालू होतं, त्यामुळे शेप कीज गेल्याच नाहीत. या पर्यायाच्या माहितीत तसा इशारा दिलेलाच असतो. उरलेला श्रिंकरॅप आधीच कायम करायला हवा होता. शेप कीज असलेल्या मेशवर मॉडिफायर अप्लाय करता येत नाही. अॅप्लाय ॲज शेप की करून ती की बेसिसमध्ये मिसळली, बाकीच्या कीजमध्येही तेवढाच बदल जाईल हे पाहिलं, पर्याय बंद करून पुन्हा एक्स्पोर्ट केलं.

'मधला' ही की एक्स्पोर्टच्या आधी काढायची. राहिली तर चौथा मॉर्फ टार्गेट म्हणून तीही जाते आणि व्ह्यूअरमध्ये एक निरर्थक स्लायडर दिसतो. मूळ ब्लेंडर फाइलमध्ये मात्र ठेवायची, कारण उद्या हावभाव बदलला तर यूव्ही पुन्हा तिच्यावरच पाडाव्या लागतील.

बाहेर आलेल्या फाइलमध्ये व्हर्टेक्सची संख्या ब्लेंडरमधल्यापेक्षा जास्त आहे. एका व्हर्टेक्सला जीएलटीएफमध्ये एकच यूव्ही मिळते, म्हणून सीमवरचे व्हर्टेक्स दुहेरी होतात. सीम जितके कमी, तितकी वाढ कमी. ओबीजेमध्ये यूव्हीचा क्रमांक वेगळा असल्यामुळे ही वाढ दिसत नाही, पण ओबीजेमध्ये शेप कीजही जात नाहीत.

उरलेलं: गाल आणि जबडा एकदम पूर्ण ओढले तर ओठाच्या कोपऱ्यात अजून ताण दिसतो, कारण 'मधला'मध्ये दोन्हींचे परिणाम तिथे एकमेकांवर चढतात. व्ह्यूअरमध्ये दोन्ही स्लायडरांची बेरीज १ वर अडवून ठेवली आहे. नाकपुडीच्या आत स्कॅनमध्येच रंग नव्हता, तिथे शेजारचा गडद रंग भरून घेतला.